गोष्ट सांगणाऱ्याची वाट

वाई हे ग्रंथांचे गाव म्हणून महाराष्ट्रात ओळखले जाते. प्राज्ञपाठशाळा येथली, धर्मकोशाचे काम येथले, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचे आयुष्य येथे गेले, आणि ज्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला त्याचे कार्यालयही येथेच थाटले गेले. पण ह्याच गावच्या घाटांवर, थंडी सरू लागली म्हणजे, गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी अशा आळ्यांचे कृष्णाबाईचे उत्सव पाळीपाळीने सुरू होतात आणि त्यांत कीर्तनकार उभा राहतो. एका काठावर लिहिलेला शब्द आणि दुसऱ्या काठावर बोललेला शब्द, अशी ही कृष्णेची दोन तीरे आहेत असे म्हणावयास हरकत नाही. पहिल्या तीराविषयी अधिकारी माणसे पुष्कळ बोलली आहेत. आम्ही दुसऱ्या तीराविषयी बोलणार आहोत. आणि त्यातही विशेषेकरून त्या माणसाविषयी, जो गोष्ट खांद्यावर टाकून गावोगाव चालत राहिला.

विद्वत्तेचा आमचा दावा नाही. आमचे काम कामगार संघटनेचे. जे वाचले ते पाळी सुटल्यावर सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून वाचले. परंतु चारचौघांपुढे उभे राहून बोलणे आणि त्यांचे ऐकून घेणे हे आमचे नित्याचे काम असल्यामुळे, हे काम आमच्या आधी हजार-दोन हजार वर्षे कोणी कसे केले याचे कुतूहल आम्हांस लागले.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. गोष्ट सांगणारा गावोगाव फिरला तो पोटासाठी, हे खरेच. पण फिरण्यामुळेच त्याची गोष्ट घडत गेली. ऐकणारा तिला दुरुस्त करी, आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला जाताना सांगणारा तिच्यावर मनन करी. ऐकणारा, वाट आणि मनन ह्या तीन गोष्टी जिच्यातून निघून गेल्या, ती गोष्ट गोष्ट राहत नाही. तिची अफवा होते. हे विधान पहिल्याने अतिशयोक्त वाटेल. ते कसे खरे आहे हे पुढे पाहावयाचे आहे.

फिरस्तीचे पंचांग

फिरस्ता म्हटला की वाट फुटेल तिकडे जाणारा माणूस आपल्या डोळ्यांपुढे येतो. वस्तुतः गोष्ट सांगणाऱ्यांच्या फिरण्याला ठरलेले पंचांग होते. पावसाळ्यात वाटा बंद आणि शेतकरी शेतात; तेव्हा घरी राहून नवे बसवायचे, जुने घोकायचे. दसरा झाला की बाहेर पडायचे. सुगी झालेली, घरात दाणा आलेला आणि रात्री मोठ्या, असा तो काळ. मग जत्रा सुरू होतात. आपल्या आसपासचेच पाहा. पौषात पालीचा खंडोबा आणि मांढरदेवची काळूबाई, रंगपंचमीला बावधनच्या भैरवनाथाचे बगाड, चैत्रात शिखर शिंगणापूर आणि जोतिबा. तमाशाचे फड अजूनही साधारण ह्याच हिशेबाने दसऱ्याला निघतात आणि वैशाखात परततात. जुन्नराजवळच्या नारायणगावी फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच तेथे जाऊन आपल्या जत्रेची सुपारी देतात.

प्रत्येकाची वेळही ठरलेली. वासुदेव पहाटे यावयाचा. मोरपिसांची टोपी, हातात चिपळ्या आणि टाळ. उजाडायच्या आत गल्ली जागी करून तो निघून जाई. गोंधळी रात्रीचा. लग्नानंतर देवीचा गोंधळ घालावयाचा. संबळ, तुणतुणे आणि पेटती दिवटी. डौर वाजवीत येणारा भराडी, ज्याला आपण डवरी गोसावी म्हणतो, तो भैरवनाथाची आणि नाथांची कथा सांगे. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर समाजाचे चित्रकथी रामायण-महाभारतातले प्रसंग चित्रांच्या पोथ्यांतून दाखवीत. पोथी म्हणजे सुटी चित्रे. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटविलेली. एक चित्र पुढे मांडायचे, वाद्याच्या साथीने तेवढा प्रसंग सांगायचा आणि मग दुसरे काढायचे. ही कला ज्यांनी नेटाने जगविली त्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

ह्या सर्वांत एक समान गोष्ट आहे. गावाला त्यांची वाट माहीत होती आणि त्यांना गाव माहीत होते. कोणाच्या घरी यंदा माणूस गेले, कोणाची लेक माहेरी परत आली, कोणत्या दोन भावांत बांधावरून कज्जा चालला आहे, हे त्यास पहिल्या दोन घरांत कळे. आणि रात्रीची गोष्ट कोणती काढावयाची ते तेथे ठरे. ज्या गावात भाऊबंदकी पेटली आहे त्या गावात रामाच्या पादुका डोक्यावर घेणाऱ्या भरताची कथा काढली म्हणजे कोणाचे नाव न घेता जे सांगायचे ते सांगितले जाई.

वाट दूरवरही जाई. तंजावरात मराठ्यांचे राज्य होते, त्यामुळे मराठी कीर्तनकारांचे तिकडे जाणे-येणे होते. एकोणिसाव्या शतकात रामचंद्रबुवा मोरगावकर तिकडे गेले. त्यांचे कीर्तन तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी ऐकले, अभ्यासिले आणि त्यात कर्नाटक संगीत मिसळून तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. आज चेन्नईत जी हरिकथा ऐकू येते तिच्या पोटात साकी आणि दिंडी हे मराठी छंद अजून आहेत.

ऐकणाऱ्यावाचून गोष्ट

गोष्टीचे ऐकणाऱ्याशी नाते काय, यावर आपल्या मुलखात एक फार जुनी कथा आहे. ती काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात कथासरित्सागरात सांगितली. पण तिचा नायक आपल्या पैठणचा. सातवाहन राजाच्या दरबारी गुणाढ्य नावाचा पंडित होता. राजाला संस्कृत किती वर्षांत शिकविता येईल यावरून दरबारात पैज लागली. आपण सहा वर्षांत शिकवू असे गुणाढ्य म्हणाला. दुसरा पंडित म्हणाला, सहा महिन्यांत. तसे झाले तर संस्कृत, प्राकृत आणि देशी ह्या तिन्ही भाषा सोडीन, असे गुणाढ्य बोलून गेला आणि पैज हरला. तिन्ही भाषा गेल्यावर माणसाने बोलावे कशात? तो विंध्याच्या अरण्यात गेला, पैशाची नावाची रानवट भाषा शिकला आणि तेथे ऐकलेली कथा सात वर्षे बसून सात लक्ष श्लोकांत लिहिली. शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिली.

शिष्यांनी ती बृहत्कथा पैठणास नेली. भाषा पैशाची आणि लेखन रक्ताचे, म्हणून राजाने तिला हात लावला नाही. तेव्हा गुणाढ्याने अरण्यातच अग्नी पेटविला आणि एकेक पान मोठ्याने वाचून तो अग्नीत टाकू लागला. हरणे, डुकरे, रेडे भोवती गोळा झाले आणि चरणे विसरून, डोळ्यांत पाणी आणून ऐकत उभे राहिले. इकडे राजाच्या पाकशाळेत मांस येईना. आले ते वाळलेले. चौकशी करता करता राजा अरण्यात पोहोचला, तोवर सहा लक्ष श्लोकांची राख झाली होती. एक लक्ष उरले. ते त्याने पदरात घेतले.

पंडित ह्या कथेचा अर्थ अनेक प्रकारे लावतील. आम्हांस तिच्यात दिसते ते असे, की दरबाराने नाकारलेल्या गोष्टीला ऐकणारे मिळाले ते ज्यांना अक्षर नाही असे. आणि त्यांनी तहानभूक विसरून ऐकले. राजाला गोष्टीची किंमत कळली ती पंडितांकडून नव्हे. ती त्याला स्वतःच्या ताटावरून कळली. कामगारांच्या क्षेत्रात वावरणाऱ्यास हा अनुभव परका नाही.

पैठणचा आणि बोललेल्या शब्दाचा संबंध येथेच संपत नाही. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी मराठी मुलखात पायी हिंडले. पैठणलाही राहिले. तत्त्वज्ञान सांगताना ते लहान लहान दृष्टांत देत. हत्ती आणि आंधळे ह्यांची गोष्ट मराठीत त्यांच्याच तोंडून रुजली. त्यांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. ते निघून गेल्यावर म्हाइंभटांनी, ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकिले त्यांच्या गाठी घेत आठवणी जमविल्या आणि १२७८ च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध झाले. मराठी गद्याचा हा आरंभीचा थोर ग्रंथ ऐकलेल्या शब्दांचा झालेला आहे, आणि तो घडविण्यासाठी एका माणसाला वणवण करावी लागली आहे. पुढे सोळाव्या शतकात पैठणच्याच एकनाथांनी वासुदेव, जोशी, गोंधळी अशा दारोदार फिरणाऱ्यांचे सोंग घेऊन भारुडे रचिली. ज्ञानी माणसाला लोकांशी बोलायचे तर फिरस्त्याचा आवाज उसना घ्यावा लागतो, हे नाथांनी ओळखले होते.

हुंकार

आता ही कला चालते कशी ते पाहू. खेड्यात गोष्ट सांगताना ऐकणाऱ्याने हुंकार द्यावयाचा असतो. 'हूं' म्हणणारा नसेल तर म्हातारी गोष्ट सांगत नाही. हा हुंकार म्हणजे नुसते सौजन्य नव्हे. तो ऐकणाऱ्याने दिलेला जबाब आहे. हुंकार लवकर आला तर गोष्ट पुढे हाकायची, उशिरा आला तर समजावयाचे की ऐकणारा मागे राहिला, आणि न आला तर समजावयाचे की तो झोपला किंवा त्याला पटले नाही.

आपल्या पूर्वजांनी हा हुंकार प्रत्येक कलेच्या बांधणीतच घातला आहे. गोंधळात मुख्य नाईक कथा लावतो आणि त्याचा साथीदार मध्येच खुळचट प्रश्न विचारतो. तो खुळा नसतो. तो समोरच्या सभेचा वकील असतो. सभेला जी शंका येईल ती तो आधी विचारून टाकतो. तमाशात गण, गौळण, बतावणी आणि मग वग अशी चढण आहे. बतावणीत सोंगाड्या लोकांची नाडी पाहतो. आणि वगाचे संवाद पूर्वी लिहिलेले नसत, कथेचा सांगाडा तेवढा ठरलेला असे. अंगावरचे मांस त्या त्या रात्री, त्या त्या गावच्या हशा-टाळ्यांनी भरले जाई.

नारदीय कीर्तनाची घडण तर विचार करण्याजोगी आहे. त्याचे दोन भाग. पूर्वरंगात बुवा एखादे पद किंवा अभंग घेऊन त्याचे निरूपण करतात. हा विचाराचा भाग. मग नामाचा गजर होतो, बुवांना बुक्का लावून हार घालतात. त्यानंतर उत्तररंग, त्यात आख्यान लावतात. हा गोष्टीचा भाग. आख्यान संपताना बुवा पुन्हा मूळ पदावर येतात, आणि पहिल्याने जे पद कोरडे वाटले होते ते आता माणसांच्या सुखदुःखाने भरलेले ऐकू येते. विचाराला गोष्टीची साक्ष आणि गोष्टीला विचाराचा लगाम, अशी ही योजना आहे. वारकरी कीर्तनाची रीत निराळी. तेथे एकच अभंग धरून टाळकऱ्यांच्या साथीने तोच उलगडत न्यावयाचा असतो. पण तेथेही मागे उभे असलेले टाळकरी म्हणजे मूर्तिमंत हुंकारच होत.

बायकांच्या कहाण्या घ्या. श्रावणात आटपाट नगरापासून सुरू होणारी कहाणी वाचताना हातात अक्षता धरून बसायचे असते. ऐकणारा हातात काहीतरी धरून बसला म्हणजे तो कहाणीचा वाटेकरी झाला. आणि शेवटी साठ उत्तरांची कहाणी पाचांत पुरी झाल्याचे सांगतात. किती वाढवावे ह्यापेक्षा किती आवरावे हे ज्याला कळते तो सांगणारा, असा मर्माचा धडा त्या शेवटात आहे. ही बायकांची ठेव जमा करण्याचे मोठे काम सांगली जिल्ह्यातील बागणीच्या डॉ. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या द्वारे केले, हे येथे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

वाटेवरचे मनन

येथे एक शंका निघण्यासारखी आहे. जो रोज लोकांच्या हुंकाराप्रमाणे गोष्ट वळवितो तो लोकांच्या तोंडपुजेपणात पडणार नाही काय? पडतो, पुष्कळ पडले. त्यातून जो वाचला तो वाटेमुळे वाचला, असे आम्हांस वाटते. रात्री सभा असते. दिवसा वाट असते. सभेत हजार डोळे असतात. वाटेवर आपण एकटे. रात्री टाळी पडली ती गोष्टीला पडली की आपल्या नकलेला? ज्या ठिकाणी लोक गप्प झाले तेथे ते अंतर्मुख झाले की कंटाळले? दहा कोस चालताना हे प्रश्न माणसाला सोडीत नाहीत. पुढल्या गावात तो निराळा होऊन शिरतो.

ह्याचे आपल्या काळातले थोर उदाहरण गाडगे महाराजांचे. डेबूजी झिंगराजी जानोरकर हे त्यांचे मूळ नाव. जन्म १८७६, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. १९०५ साली त्यांनी घर सोडले आणि पुढची वर्षे ते अनोळखी माणूस म्हणून हिंडले. अंगावर चिंध्या, एका हातात खराटा, दुसऱ्या हातात मडक्याचे खापर. लोक त्यांस वेडा समजत, कोणी हाकलीत, कोणी कामाला लावून घेत. तो काळ वाया गेला नाही. कोणत्या गावात सावकाराने काय केले, मेलेल्या माणसाच्या तेराव्यापायी जिवंत माणसांची जमीन कशी गेली, नवसाच्या बोकडापायी कर्ज कसे झाले, हे त्यांनी शेतात राबून आणि धर्मशाळेत झोपून पाहिले. पुढे ते कीर्तनाला उभे राहिले तेव्हा त्यांच्या कीर्तनात पांडित्य औषधालाही नव्हते. होते ते वाटेवर गोळा केलेले आणि मनात घोळलेले.

त्यांची रीत पाहा. गावात गेले की आधी गाव झाडायचे. दिवसा खराटा, रात्री कीर्तन. आणि कीर्तन म्हणजे प्रश्नोत्तरे. ते सभेला प्रश्न टाकीत, सभा एका आवाजाने उत्तर देई, त्या उत्तरातून दुसरा प्रश्न निघे. आणि असे चार प्रश्न झाले की कर्ज काढून जेवणावळ घालणारा आपल्याच तोंडाने आपला निकाल देऊन बसलेला असे. हुंकाराचे त्यांनी न्यायासन केले. पोराबाळांना शाळेत घालण्यासाठी घरची भांडी मोडा आणि हातावर भाकरी घेऊन खा, हा त्यांचा उपदेश सातारा जिल्ह्यात वाया गेला नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने १९५४ साली कराडास महाविद्यालय काढले त्यास ह्या निरक्षर कीर्तनकाराचे नाव दिले. महाराज २० डिसेंबर १९५६ रोजी वाटेवरच गेले. आपला कोणी शिष्य नाही असे ते सांगत. त्यांनी धर्मशाळा बांधल्या त्या दुसऱ्यांसाठी. स्वतःला घर बांधले नाही.

मनन म्हटले की आपल्याला आसन आणि मिटलेले डोळे आठवतात. चालत्या पायांचे आणि उघड्या डोळ्यांचेही मनन असते, हे गाडगे महाराजांवरून शिकावे.

गोष्ट आणि चळवळ

जेथे गोष्ट लोकांपर्यंत पोहोचते तेथे चळवळ तिच्या मागोमाग जाते. जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव आपल्या जिल्ह्यातले कटगुण. १८७३ साली त्यांनी सत्यशोधक समाज स्थापिला. पुढे त्या समाजाच्या कार्यकर्त्यांनी ओळखले की छापील पत्रक वाचणारे थोडे आणि तमाशाला येणारे गावच्या गाव. त्यांनी तमाशाचा साचा घेतला, आतला माल बदलला आणि सत्यशोधक जलसा उभा केला. गणाच्या जागी सृष्टिकर्त्याचे स्तवन आले, बतावणीच्या जागी भट आणि शेतकरी यांचा सवाल-जबाब आला. त्याच वाटेने पुढे आंबेडकरी जलसे गेले.

सांगली जिल्ह्याच्या वाळवे तालुक्यातील वाटेगावचे अण्णाभाऊ साठे, जन्म १९२०, हे ह्या परंपरेचे शिखर होय. लहानपणीच ते वडिलांबरोबर पायी चालत मुंबईस गेले. शाळा त्यांच्या वाट्याला जवळजवळ आलीच नाही. त्यांनी मिळेल ते काम केले, गिरणीत काम केले, तमाशाच्या फडात राहिले, कामगार चळवळीत अक्षर पक्के केले. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक काढले. 'माझी मैना' ही त्यांची छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात घरोघर गेली, त्याचे कारण तिच्या बांधणीत आहे. बायकोला गावाकडे ठेवून मुंबईस आलेल्या मजुराचा विरह तिच्यात आधी येतो. तो प्रत्येकाच्या घरातला. आणि मग त्या विरहाला जोडून महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी मुलखाचा विरह येतो. पूर्वरंग आणि उत्तररंग यांची ही नवी जुळणी होय. 'फकिरा' ही त्यांची कादंबरी १९५९ ची. तिची माणसे वारणेच्या खोऱ्यात त्यांनी लहानपणी ऐकलेल्या गोष्टींतून आली. १९६१ साली ते रशियाला जाऊन आले आणि त्या प्रवासाचे पुस्तकही लिहिले. वाटेगावाहून निघालेली पायवाट इतकी लांब गेली.

ऊसतोडणी कामगारांच्या अड्ड्यांवर आम्ही अनेक हंगाम घालविले आहेत. उसाच्या पाचटाच्या कोपीपुढे बसून उचल, तोडणीचा दर, मुकादमाची कापणी असा हिशेब मांडला म्हणजे लोक माना हलवितात आणि गप्प बसतात. कारण हिशेब प्रत्येकाचा वेगळा आणि भीती प्रत्येकाची एकट्याची. पण बीडकडची एखादी म्हातारी सावकार आणि कोल्ह्याची गोष्ट सांगू लागली, की हसता हसता कोणीतरी म्हणतो, हा तर आपला अमका. मग दुसरा बोलतो, तिसरा बोलतो. आपले दुःख आपल्या एकट्याचे नाही हे कळणे ही संघटनेची पहिली पायरी आहे, आणि त्या पायरीवर गोष्ट माणसाला हात धरून नेते.

सुशिक्षितांच्या जगातही ही परंपरा एकदा परत आली. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर हे तिघे कथाकार गावोगावच्या व्यासपीठांवर आपल्या कथा सांगत हिंडले. छापलेली कथा पुन्हा तोंडात आली आणि मराठी माणूस सभागृहात बसून हुंकार देऊ लागला. व्याख्यानमाला, गणेशोत्सव आणि वाचनालये यांनी त्यांना वाट करून दिली. ह्यावरून उघड होते की मागणी आटलेली नाही.

भिक्षा की मोल?

आणि तरीही ज्यांच्याकडून ही कला आली त्यांचे काय झाले? येथे आम्हांस आमच्या व्यवसायाच्या दृष्टीने बोलले पाहिजे. कीर्तनकाराला बिदागी मिळते, तमाशाला सुपारी, व्याख्यात्याला मानधन. वासुदेवाला आणि डवरी गोसाव्याला जे मिळते त्याला आपण भिक्षा म्हणतो. काम तेच, घाम तोच, पण एका शब्दाच्या फरकाने एकाची मजुरी ठरते आणि दुसऱ्याचा गुन्हा. हे अलंकारिक बोलणे नव्हे. १९५९ साली मुंबई राज्याने भीक मागण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. त्यातील भीक मागण्याच्या व्याख्येत गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखविणे ह्या निमित्ताने सार्वजनिक जागी दान घेणेही समाविष्ट आहे. त्या व्याख्येने मोजले तर वासुदेवाची पहाट आणि गोसाव्याचा डौर दोन्ही कायद्याच्या कक्षेत येतात. हाच कायदा दिल्लीला लागू केलेला होता. त्यातील अनेक कलमे दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २०१८ साली तेथल्यापुरती रद्द केली.

त्याआधीचा इतिहास याहून कठोर आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली जो गुन्हेगार जमातींचा कायदा केला त्याने कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. स्वतंत्र भारतात १९५२ साली तो उठला. पण फिरणारा माणूस म्हणजे संशयित, ही भावना उठली नाही. भटक्या-विमुक्तांसाठी नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाने २००८ साली अहवाल दिला. ह्या लोकांपैकी पुष्कळांजवळ घर, जमीन आणि साधी ओळखीची कागदपत्रेही नाहीत, ही व्यथा त्यात मांडलेली आहे. वृद्ध कलावंतांसाठी शासनाची मानधन योजना आहे. परंतु ज्याचा पत्ता हीच वाट, त्याने दाखला आणावयाचा कोठून?

बिनवाटेची गोष्ट

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे जमावाने मारून टाकली. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडून ती भिक्षेसाठी हिंडत तिकडे गेली होती. मुले पळविणारी टोळी आली आहे अशी एक गोष्ट त्या दिवसांत भ्रमणध्वनीवरून गावोगाव पोहोचली होती. ती लोकांनी खरी मानली.

ह्या प्रसंगाकडे आमच्या विषयाच्या दृष्टीने पाहा. मारणाऱ्यांपुढे त्या दिवशी दोन गोष्टी होत्या. एक गोष्ट पिढ्यान्पिढ्या चालत आलेली. तिला चेहरा होता, नाव होते, गाव होते, तिला प्रश्न विचारता येत होता. दुसरी गोष्ट क्षणात आलेली. तिला सांगणारा नव्हता, ती एकही कोस चाललेली नव्हती, तिच्यावर कोणी रात्रभर विचार केलेला नव्हता, आणि तिला हुंकाराऐवजी फक्त पुढे ढकलणे ठाऊक होते. सांगणाऱ्यावाचूनच्या गोष्टीने गोष्टीच्या परंपरेतली माणसे मारली. आरंभी आम्ही जे म्हटले की ऐकणारा, वाट आणि मनन निघून गेले की गोष्टीची अफवा होते, त्याचा पुरावा हा. आम्ही यंत्राला दोष देत नाही. यंत्राने गाडगे महाराजांचा आवाजही जपून ठेवला आहे. नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईस वांद्रे येथे पोलिसांपुढे त्यांनी केलेले कीर्तन ध्वनिमुद्रित झाले, म्हणून आज ऐकावयास मिळते. दोष आहे तो आपण ऐकण्याची शिस्त सोडली याचा.

आपले काम

उपाय म्हणून मोठ्या योजना आम्ही सुचवीत नाही. गावाला करता येतील अशा तीनच गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, व्याख्यानमाला भरविणाऱ्या प्रत्येक गावाने दरवर्षी एक रात्र पायी फिरणाऱ्या कलावंताला द्यावी. गोंधळी, भराडी, चित्रकथी, जो मिळेल तो. व्याख्यात्याला जे मानधन तेच त्याला, त्याच पाकिटात, त्याच व्यासपीठावर आणि पावतीवर त्याचे नाव घालून. ती पावती त्याच्या संग्रही राहील. कलावंत म्हणून दाखला मागितला जाईल तेव्हा ती पुढे ठेवता येईल. कामगार चळवळीत आम्ही हे शिकलो की मजुरीच्या कागदावर नाव चढल्यावाचून माणूस कामगार म्हणून मोजला जात नाही.

दुसरी गोष्ट, त्याची कथा टिपून घ्यावी, मुद्रित करावी; पण नाव, गाव आणि तारीख घालून. आजवर लोककथांच्या पुष्कळ पुस्तकांवर जमविणाऱ्याचे नाव आले आणि सांगणाऱ्याचे राहिले. म्हाइंभटांनी कोणाकडून काय ऐकिले याचा मान राखिला. आपण त्यांच्याहून मागे राहू नये.

तिसरी गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत अवघड. दारात कोणी डौर वाजवीत उभा राहिला तर दाणे टाकून दार लावण्याआधी त्याला गाव विचारावे, आणि आज कोणती कथा लावणार ते विचारावे. त्याने सांगितल्यावर 'हूं' म्हणावे. आणि हातातल्या यंत्रावर कोणती गोष्ट आली, तर तीच चौकशी तिचीही करावी. सांगणारा कोण, तो कोठून आला, त्याने हे पाहिले की ऐकले? उत्तर मिळाले नाही तर ती गोष्ट तेथेच थांबवावी. गुणाढ्याच्या अरण्यातल्या जनावरांनी चरणे विसरून गोष्ट ऐकली होती. आपल्याला तर अक्षरेही येतात.